पाच मीटरसाठी बॅलन्स्ड केबल: कॅनारे आणि मोगामी यांचा अनुभव

माझा प्रीअ‍ॅम्प (आवाजाची पातळी ठरवणारे उपकरण) खोलीच्या एका भिंतीशी आणि पॉवर अ‍ॅम्प (स्पीकरना चालवणारे उपकरण) समोरच्या भिंतीपाशी, दोन स्पीकरच्या मध्ये असतो. भिंतीच्या कडेने नेलेली केबल पाच मीटर भरते. सुरुवातीला ही जोडणी आरसीए, म्हणजे घरगुती उपकरणांना नेहमी असणाऱ्या साध्या केबलने केली होती आणि संगीतातील शांत जागांमध्ये मंद घरघर स्पष्ट ऐकू येत असे. आरसीए केबलमध्ये शील्ड (तारेभोवतीचे धातूचे आवरण) हाच सिग्नलचा परतीचा मार्ग असल्यामुळे, दोन उपकरणांच्या अर्थिंगमधील किरकोळ फरकाने वाहणारा प्रवाह थेट आवाजात मिसळतो. बॅलन्स्ड केबलमध्ये शील्डच्या आत दोन स्वतंत्र तारा असतात, पुढच्या उपकरणाचा इनपुट त्या दोहोंमधील फरक तेवढा घेतो आणि वाटेत दोन्ही तारांवर सारखाच शिरलेला गोंगाट वजा होतो. मात्र दोन्ही तारांचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत विरोध) समान असेल तरच ही वजाबाकी नीट जमते, म्हणून तांब्याच्या शुद्धतेच्या वर्णनापेक्षा तारांचा घट्ट पीळ, शील्ड आणि कनेक्टर यांकडे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

हे मला पहिल्याच खरेदीत कळले. तयार मिळालेली जोडी दिसायला देखणी होती, पण ती लावताच घरघर थांबली आणि त्याबरोबर खर्जही नाहीसा झाला. गायकाचा आवाज मध्यभागी न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटू लागला. मल्टिमीटर लावल्यावर एका केबलच्या एक्सएलआर या तीन पिनांच्या कनेक्टरमध्ये पिन 2 आणि पिन 3 यांची अदलाबदल झालेली आढळली. पिन 1 शील्डसाठी, 2 धन आणि 3 ऋण हा संकेत आहे. एकाच बाजूला तो उलटला की दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध चालतात. म्हणून नवी केबल कोणाचीही असो, लावण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांच्या तिन्ही पिना तपासाव्यात.

त्यानंतर मी सुटी केबल आणून दोन जोड्या स्वतः तयार केल्या: एक कॅनारे कंपनीची एल-4ई6एस आणि दुसरी मोगामी कंपनीची 2549, दोन्हींना न्यूट्रिकचे कनेक्टर. कॅनारे ही चार तारांची, म्हणजे स्टार-क्वाड रचनेची केबल आहे. समोरासमोरच्या एका रंगाच्या दोन तारा एकत्र पिळून एका पिनेला सोल्डर कराव्या लागतात. तिची विणलेली शील्ड सुईने एकेक पदर उकलून मोकळी करताना माझी चार टोकांवर पूर्ण संध्याकाळ गेली. मोगामीमध्ये दोनच तारा असतात आणि शील्ड नुसती गुंडाळलेली असल्यामुळे ती बोटांनी उलगडते. ज्यांनी सोल्डरिंग नुकतेच सुरू केले आहे, त्यांनी मोगामीच घ्यावी.

स्टार-क्वाडची कपॅसिटन्स (तारांमध्ये विद्युतभार साठण्याची क्षमता, जिच्यामुळे उच्च स्वर घटू शकतात) अधिक असते हा आक्षेप खरा आहे, परंतु घरातील अंतरासाठी मला तो गौण वाटतो. मीटरमागे 150 पिकोफॅरड धरले आणि प्रीअ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स 100 ओहम असला, तर पाच मीटरला उच्च वारंवारितांची तीव्रता घटू लागण्याची मर्यादा दोन मेगाहर्ट्झच्या आसपास येते. आपल्या कानांची मर्यादा वीस किलोहर्ट्झ आहे.

ऐकताना एक काळजी अवश्य घ्यावी. अनेक उपकरणांत एक्सएलआर आउटपुट आरसीएपेक्षा सहा डेसिबल मोठा असतो आणि मोठा आवाज कानाला बहुधा अधिक चांगला वाटतो. पहिल्या दिवशी मलाही वाद्यांचा तपशील वाढल्याचा भास झाला होता. पातळी मोजून समान केल्यावर तो राहिला नाही. घरघर मात्र दोन्ही केबलींनी पूर्णपणे घालवली आणि त्या दोघींच्या आवाजात मला कोणताही फरक जाणवला नाही. उपकरणे एकाच कपाटात, मीटरभर अंतरावर असतील आणि आरसीएवर घरघर नसेल, तर बदलाची गरज नाही. माझ्याकडे विजेच्या वायरींजवळून जाणाऱ्या मार्गावर कॅनारे कायम केली आहे, कारण चुंबकीय हस्तक्षेप रोखण्यात चार तारांची रचना सरस ठरते. मोगामी डॅक (डिजिटल सिग्नलचे अ‍ॅनालॉगमध्ये रूपांतर करणारे उपकरण) आणि प्रीअ‍ॅम्प यांच्यामध्ये आहे.