बायोफायर बीसीआयडी 2 पॅनेल: जंतूचं नाव तासाभरात, पण कल्चर वाढल्यावर

रक्तातला जंतू आणि त्याचे प्रतिकार जीन (औषधाला दाद न देण्याचा गुण देणारे) डीएनएवरून ओळखणारी ही चाचणी थेट रक्तावर चालत नाही. आधी ब्लड कल्चरची (रक्तातला जंतू वाढवण्याची) बाटली पॉझिटिव्ह यावी लागते आणि त्यातच बरेच तास जातात. बाटलीत रक्त कमी भरलं (मोठ्या माणसासाठी दर बाटलीत 8 ते 10 मिली हवं) किंवा अँटिबायोटिक दिल्यावर घेतलं, तर जंतू वाढेलच असं नाही. मग चाचणीचं हे महागडं पाऊच (रसायनं भरलेली पिशवी) नुसतं पडून राहतं.

पाऊच भरायचं हाताचं काम मोजून दोन-तीन मिनिटांचं. आधी ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करायचा, मग बाटलीतला 0.2 मिली नमुना बफरमध्ये मिसळायचा, पाऊचमध्ये हायड्रेशन द्रावण आणि नमुना सोडायचा. पुढचं मशीन बघतं. ग्राम स्टेन मात्र टाळू नका. स्लाइडवर कॉक्साय (गोल जंतू) आणि पॅनेलवर ई. कोलाय (दांडीसारखा जंतू), असं झालं तर बाटलीतल्या वाढ-द्रवातल्या मेलेल्या जंतूंच्या डीएनएची शंका घ्यायची.

एकूण 43 लक्ष्यं: 26 जिवाणू किंवा त्यांचे गट, 7 यीस्ट, 10 प्रतिकार जीन. घरून सेप्सिस घेऊन दाखल होणाऱ्या प्रौढांतले नेहमीचे चौघे, म्हणजे ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्टॅफ ऑरियस आणि न्युमोकोकस, यात आहेत. साल्मोनेला दिसतो, पण टायफी (टायफॉइडचा) की पॅराटायफी हे कळत नाही. मेलिऑयडोसिस या मातीतून होणाऱ्या गंभीर संसर्गाचा जंतू बर्कहोल्डेरिया यादीतच नाही. लेप्टोस्पायरा आणि स्क्रब टायफसचा जंतू तर नेहमीच्या बाटलीत वाढतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या चाचण्या वेगळ्या पाठवाव्या लागतात.

खरी किंमत वसूल होते ती स्टॅफ ऑरियसमध्ये. मेकए/सी आणि एमआरईजे (मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफ ऑरियसची, म्हणजे एमआरएसएची, खूण) नाही असं आलं, की व्हँकोमायसिन थांबवून सेफाझोलिन या अँटिबायोटिककडे वळता येतं, आणि ते औषध इथे जास्त चांगलं काम करतं. सीटीएक्स-एम हा प्रतिकार जीन सापडला तर सेफ्ट्रायॅक्सोन या अँटिबायोटिकवर विसंबायचं नाही. सापडला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नये: अ‍ॅम्पसी या विकरासारखे प्रतिकाराचे इतर मार्ग पॅनेलला दिसत नाहीत. एकाच बाटलीत स्टॅफ एपिडर्मिडिस आला तर बहुधा कातडीवरचा जंतू. नुसत्या मेकएमुळे व्हँकोमायसिन सुरू करू नका. दोन जंतू एकत्र निघाले तर प्रतिकार जीन कुणाचा, हे पॅनेल सांगत नाही.

सबकल्चर (जंतू प्लेटवर पुन्हा वाढवणं) आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडेल ते तपासणं) टळत नाहीतच. रात्री पॉझिटिव्ह आलेली बाटली सकाळपर्यंत तशीच ठेवणाऱ्या प्रयोगशाळेने हे घेऊ नये. आधी रात्रपाळीचा तंत्रज्ञ आणि वॉर्डात फोन उचलून औषध बदलणारा डॉक्टर हवा.