पाच इंची दुर्बीण आणि खोक्यावरचा शनी

ऑक्टोबर २०२५ मध्ये मी १३० मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, ६५० मिलिमीटर नाभीय अंतराची, टेबलावर ठेवून वापरायची डॉब्सोनियन (हाताने फिरवायच्या साध्या बैठकीवरची) दुर्बीण ऑनलाइन मागवली. तिच्या खोक्यावर शनीचे जे चित्र छापले आहे, त्यात ग्रहाचा निम्मा गोल अंधारात आहे. पृथ्वीवरून शनी असा कधीच दिसत नाही. तो सूर्यापासून आपल्यापेक्षा साडेनऊ पट लांब असल्यामुळे त्याची उजळलेली बाजूच कायम आपल्याकडे असते. असे दृश्य २००४ ते २०१७ या काळात त्याच्याभोवती फिरलेल्या कॅसिनीसारख्या यानालाच दिसू शकते. विक्रेत्याचे नाव देत नाही, पण ते चित्र पाहून कोणी दुर्बीण घेणार असेल, तर त्याने आधी पुढचे वाचावे.

दुर्बीण हाती आली तेव्हा मुख्य आरसा कललेला होता आणि तो सरळ कसा करावा याविषयी माहितीपत्रकात एक ओळही नव्हती. मी जुन्या फिल्मच्या डबीच्या बुडाला बारीक भोक पाडले, ती नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) जागी बसवली आणि मागचे तीन स्क्रू फिरवत आरशावरची खूण मध्यावर आणली. यात एक अख्खी संध्याकाळ गेली. दुर्बिणीच्या तिपाईची उणीव मला जाणवली नाही, कारण गच्चीवरचा पाण्याच्या टाकीचा ओटा त्यासाठी उत्तम ठरला. प्लास्टिकच्या टेबलावर मात्र ती ठेवू नये, नुसते नेत्रिकेला नाक लागले तरी चित्र थरथरते.

सोबत २५ आणि १० मिलिमीटरच्या नेत्रिका मिळतात, म्हणजे विवर्धन अनुक्रमे २६ आणि ६५ पट. दुर्बीण अर्धा तास उघड्यावर निवू दिली की ६५ पटीला शनी लहान पण रेखीव दिसतो. हाताने ढकलत राहावे लागते, कारण पृथ्वी फिरत असल्याने तीनेक मिनिटांत तो दृश्यक्षेत्राच्या कडेला जातो.

आता कड्यांविषयी. शेजारच्या काकूंनी पहिल्याच रात्री नेत्रिकेला डोळा लावला आणि विचारले, "अहो, कडी कुठे आहेत?" प्रश्न रास्त होता. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली होती, म्हणजे कडी आपल्याला नेमकी कडेने दिसत होती, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचा कल पुन्हा अर्ध्या अंशाहूनही कमी झाला होता, त्यामुळे गोलातून आरपार गेलेल्या सुईसारखी एक रेघ तेवढी दिसत होती. १६१० मध्ये शनीला दोन जोडीदार आहेत असे समजणाऱ्या गॅलिलिओलाही १६१२ मध्ये ते गायब झालेले आढळले, तेही याच कारणाने. हा दोष दुर्बिणीचा नाही. २०३२ च्या सुमारास कल सुमारे २७ अंशांपर्यंत जाईल. कड्यांमधली कॅसिनी विभाजन नावाची काळी फट मला दिसली नाही, आणि एवढ्या अरुंद कड्यांत ती दिसायचीही नव्हती.

याच काळात एक गोष्ट अनपेक्षितपणे पदरात पडली. कड्यांची चकाकी जवळपास नाहीशी झाल्यामुळे ग्रहाजवळचे मंद उपग्रह वेगळे काढणे सोपे गेले. शनीचा सर्वात मोठा उपग्रह टायटन शहरातूनही सहज सापडतो. तो सोळा दिवसांत एक फेरी पूर्ण करतो आणि कड्यांच्या एकूण रुंदीच्या साडेचार पट अंतरापर्यंत दूर जातो. सलग चार रात्री वहीत त्याची जागा टिपली, तेव्हा तो सरकलेला स्पष्ट कळला. ऱ्हीया गच्चीवरून कष्टाने दिसला. टेथिस आणि डायोनी यांच्यासाठी मात्र गावी, काळोख्या आकाशाखाली जावे लागले, आणि तिथे ते रेघेच्या टोकांजवळ दोन टिंबांसारखे मिळाले. एन्सेलाडस मिळाला नाही. ज्याच्या दक्षिण ध्रुवाजवळून पाण्याचे फवारे उडताना कॅसिनीने पाहिले, तो उपग्रह एवढ्या दुर्बिणीतून दिसावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

उरले सोबतचे दुप्पट विवर्धनाचे बार्लो भिंग. ते लावल्यावर १३० पटीला शनीभोवती निळसर-तांबडी झालर येते आणि टायटन पसरट होतो, तेव्हा ते खोक्यातच राहू द्यावे आणि ५ किंवा ६ मिलिमीटरची एक बरी नेत्रिका वेगळी घ्यावी.