दूध घालणार की नाही? फ्रेंच प्रेस आणि स्टीलचा फिल्टर

कॉफीचं भांडं घ्यायला निघालेल्याला मी आधी विचारतो, घरात दूध कुठलं येतं? कोल्हापुरात उत्तर बहुधा ‘म्हशीचं’ असंच मिळतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध पिणाऱ्यांचं हे गाव. इथं कॉफीला दुधापुढं टिकावं लागतं, आणि नेमका तिथंच फ्रेंच प्रेस (कॉफी पाण्यात मुरवून दांड्याच्या जाळीनं चोथा खाली दाबायचं भांडं) मार खातो.

प्रेसमध्ये ५०० मिली पाण्याला साधारण ३० ग्रॅम कॉफी पडते. जे तयार होतं ते तसंच प्यायचं असतं, ते डिकॉक्शन, म्हणजे दुधात घालायचा कॉफीचा घट्ट अर्क, नव्हे. त्यात सहा-सात टक्के फॅटचं दूध अर्धा कप ओतलं की कॉफीचा नुसता रंग उरतो. स्टीलच्या फिल्टरमध्ये (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं) तेवढीच पूड चकतीनं हलकी दाबून बसवायची आणि वरून जेमतेम दीडशे मिली उकळतं पाणी सोडायचं. वीसेक मिनिटांत खाली जे गळतं, ते पाव कप घेतलं तरी पाऊण कप दुधाला पुरतं. शिवाय फिल्टरच्या पुडीत बहुतेक वेळा वीस-तीस टक्के चिकोरी, म्हणजे एका भाजलेल्या मुळाची पूड, असते. तिनं डिकॉक्शनला दाटपणा येतो. प्रेसमध्ये मात्र हीच बारीक पूड जाळीतून निसटते आणि तळाशी गाळ धरते.

म्हणून दुधाची कॉफी पिणाऱ्या घरानं फिल्टरच घ्यावा. स्वस्त आहे, पडला तर फार तर पोचा येतो, आणि रात्री भरून ठेवला की सकाळी डिकॉक्शन तयार असतं.

काळी कॉफी पिणार असाल तर गोष्टच बदलते, तिथं प्रेस बरा. नाव फ्रेंच असलं तरी १९२९ साली या भांड्याचं पेटंट घेतलं ते कालिमानी आणि मोनेता या इटालियन जोडीनं. यात कॉफी पाण्यात मुरते आणि गाळायचा कागद मध्ये नसल्यानं तिचं तेल कपात उतरतं, तोंडात भरलेपण जाणवतं. चिकमगळूर किंवा कोडगूची मध्यम भाजलेली अरेबिका जातीची कॉफी अशी प्यायली की चवीतला फरक कळतो. दूध-साखरेखाली तो दबून जातो.

पूड जाड रव्याएवढी हवी. मिक्सरमधून काढली तर अर्धी पीठ, अर्धी चुरी होते, त्यामुळं विकत घेतानाच जाडसर दळून मागावी किंवा हाताची चक्की घ्यावी. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळं पाणी इथं ९८ अंशांना उकळतं. गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग ओता. चार मिनिटं मुरू द्या, वर आलेला थर चमच्यानं मोडा, फेस काढून टाका आणि दांडा सावकाश खाली न्या. जोर लावावा लागत असेल तर पूड बारीक झाली आहे. आणि सगळी कॉफी लगेच कपांत किंवा थर्मासमध्ये ओता. भांड्यातच राहिली तर ती मुरतच राहते आणि दुसरा कप कडू निघतो. बोअरचं पाणी जड असेल तर दोन्ही भांड्यांत चव बोथट होते, तेव्हा पिण्याचं पाणीच वापरा.

प्रेसचा खरा त्रास धुण्याचा. चोथा बेसिनमध्ये गेला की पाइप तुंबतो. आधी कुंडीत टाकायचा, मग जाळी उलगडून घासायची. काचेचा असेल तर घासणारा हात कुणाचा आहे, हेही बघून ठेवा. लहान मुलं असलेल्या घरात स्टीलचाच घ्या.

मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवून वाफेच्या दाबानं कॉफी काढायचं भांडं, या दोघांच्या मधला. कॉफी कडक होते, दूधही सोसते, पण छोटा पॉट आपल्या गॅसच्या जाळीवर धड उभा राहत नाही.

कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर रोज प्रेसची कॉफी नको. तिच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. कागदाचा फिल्टर ते बरंचसं अडवतो, म्हणून अशा घरात तिसरंच भांडं बघावं, साधा पोअर-ओव्हर, म्हणजे कागद लावलेल्या नरसाळ्यात पुडीवर पाणी ओतून गाळायचा.

घरात दोघांच्या दोन तऱ्हा असतील तर आधी फिल्टर आणा. प्रेससाठी बाजूला काढलेल्या पैशांतून पहिल्यांदा चक्की घ्या, प्रेस पुढच्या महिन्यात.