गवतातला अड्डा

नाओकी उरासावांची 'ट्वेंटिएथ सेंच्युरी बॉईज' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 22 खंड, दोन महिन्यांत संपवली. पोरं माळावरचं गवत वाकवून अड्डा बांधतात, वहीत जगबुडीची गोष्ट रचतात; मोठेपणी तीच गोष्ट कुणीतरी खरी करत सुटतं. त्याच पोरांतला केंजी तेव्हा भाचीला पाठीला बांधून दुकान चालवतोय.

अड्ड्याचं चित्र बघून मी थांबलोच. वडगावच्या शिवारात गवताच्या गंजीआड आम्हीही असंच लपायचो, दिवाळीच्या किल्ल्याला माती तिथूनच आणायचो. त्या टोळीतल्या एका पोराचं नाव काही केल्या आठवेना, आणि अंगावर सर्रकन काटा आला.

शेवटचे खंड ताणलेत. गोष्ट 2000 सालावरून एकदम 2014 वर उडी मारते तिथंही जरा गोंधळ होतो. तरी घ्याच. पहिले तीन खंड एकदमच आणा, एकावर थांबवत नाही.