जोखीम बघून लॉगिन देणारी सिस्टीम: घ्या, पण सेटिंगला वेळ काढा

ऑफिसात ही बसवल्यापासून ॲडमिनचं काम माझ्याकडेच आहे म्हणून लिहितोय, कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही.

नेहमीचा लॅपटॉप, नेहमीचं नेटवर्क असेल तर काही न विचारता आत सोडते. नवा मोबाईल किंवा भलत्याच देशातला आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) दिसला की ओटीपी नाहीतर फिंगरप्रिंट मागते, आणि पगाराची फाईल वगैरे उघडायची असेल तर आत असलात तरी परत विचारते. ऑफिसच्या नेटवर्कवर आहे म्हणजे आपलाच माणूस हा जुना हिशोब इथे चालत नाही (निस्ट या अमेरिकेच्या सरकारी मानक-संस्थेने २०२० मध्ये झीरो ट्रस्टवर, म्हणजे कुणावरही आपोआप विश्वास न ठेवण्यावर, जे काढलं त्याचा गाभा हाच) आणि ते मला पटतं.

आता वैताग. कुणी व्हीपीएन (आपलं नेट दुसरीकडच्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) चालू केला की सिस्टीमच्या मते तो माणूस पाच मिनिटांत दुसऱ्या खंडात पोचलेला असतो, अकाउंट ब्लॉक, आणि फोन मला. मी लॉग उघडतो तर तिथे फक्त "रिस्क: हाय". अरे पण कशामुळे हाय? आयपीमुळे, नव्या ब्राउझरमुळे, का रात्री दोनला लॉगिन केलं म्हणून? सपोर्टला विचारलं तर म्हणे मॉडेलने ठरवलंय. मग समोरच्याला मी काय सांगू? शेवटी ओळखीचे व्हीपीएनचे आयपी स्वतः यादीत टाकत बसलो तेव्हा कुठे फोन कमी झाले.

दुसरं म्हणजे "मंजूर करा" वाली साधी नोटिफिकेशन ठेवू नका. २०२२ मध्ये उबरमध्ये हेच झालं, पासवर्ड चोराकडे होताच, त्याने कंत्राटी माणसाला रिक्वेस्टवर रिक्वेस्ट पाठवल्या आणि शेवटी त्या माणसाने एक मंजूर केली. स्क्रीनवरचा आकडा मोबाईलमध्ये टाकायचा पर्याय आमच्याकडे होता पण डीफॉल्टला बंद, हे काही मला झेपलं नाही. शक्य असेल तिथे सरळ पासकी (पासवर्डऐवजी मोबाईल-लॅपटॉपमध्ये ठेवलेली डिजिटल किल्ली) द्या. आणि लॉगिननंतर सेशनची कुकीच (तुम्ही आत आहात याची ब्राउझरमधली खूण) चोरीला गेली तर दारावरची तपासणी काय कामाची, म्हणून सेशन चालू असताना परत तपासतं का हे डेमोतच विचारा, आमचं तपासतं पण टोकन (आत राहायचा तात्पुरता पास) रिन्यू होताना, मधल्या वेळेत राम भरोसे.

नवे नियम आधी नुसते लॉगमध्ये चालवून बघा, मग लागू करा, आणि एक इमर्जन्सी ॲडमिन अकाउंट या नियमांच्या बाहेर ठेवा नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. त्या अकाउंटच्या प्रत्येक लॉगिनला अलर्ट मात्र हवाच.

पाचपैकी साडेतीन. कारण दाखवायला लागले की चार करतो.