पद्मिनीच्या इंजिनावरचा चिकटा आणि पाण्यात मिसळणारे डिग्रीझर

प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन असते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण आमच्या १९८५ सालच्या गाडीत त्याचा मूळ धातू शेवटचा कधी दिसला होता, हे घरात कोणालाच सांगता आले नसते. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, सांधा बंद ठेवणाऱ्या गॅस्केटमधून आणि इंजिनावरच्याच पेट्रोल पंपाच्या बुडातून झिरपलेल्या तेलावर रस्त्याची धूळ वर्षानुवर्षे बसत गेली आणि ब्लॉकच्या खालच्या अंगाला अर्ध्या बोटाएवढा, डांबरासारखा थर जमला. आमच्या जुन्या मिस्त्रींनी तर बजावलेच होते, ‘‘काका, धुवायच्या भानगडीत पडू नका, ह्या चिकट्यानेच तेल अडलंय.’’ मी त्यांचे ऐकले नाही.

नाना पेठेतून पाण्यात मिसळणाऱ्या, अल्कली प्रकारच्या डिग्रीझरचा, म्हणजे तेलकट मळ काढणाऱ्या द्रवाचा, ५ लिटरचा कॅन आणला. त्याचे नाव देत नाही, कारण याच जातीचा माल वेगवेगळ्या लेबलांखाली विकला जातो आणि माझे म्हणणे त्या साऱ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडावे. याआधी मी रॉकेल आणि डिझेल ही दोन्ही वापरून पाहिली आहेत. दोन्हींनी चिकटा सुटतो, पण मागे तेलकट पापुद्रा राहतो, त्यावर आठवड्याभरात पुन्हा धूळ धरते, शिवाय रबरी पाइप त्यांनी फुगून मऊ पडतात. पेट्रोलने इंजिन धुणारे अजूनही भेटतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते, तेव्हा त्याची तुलनासुद्धा करण्यात अर्थ नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डिग्रीझर जाड थर विरघळवत नाही. पहिल्या फवाऱ्यानंतर दहा मिनिटे वाट पाहिली, तर वरचा पृष्ठभाग तेवढा तपकिरी होऊन ओघळला आणि खालचा थर होता तसाच राहिला. मग लांबी (पुटी) भरायची पत्र्याची पट्टी घेतली आणि खरवडायला बसलो. थर सुकलेल्या शेणासारखा तुकड्यातुकड्यांनी सुटत होता. एका दुपारात जुन्या डब्यात दीड-दोन किलो ऐवज जमला असेल. औषधाचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. कंगोऱ्यांच्या फटी, बोल्टच्या डोक्यांभोवतीचे खळगे, डायनॅमोच्या ब्रॅकेटमागची जागा, जिथे पट्टी पोहोचत नाही तिथे एकास चार प्रमाणात पाणी घातलेले द्रावण आणि जुना टूथब्रश यांनी जे केले, ते रॉकेलने कधीच झाले नसते. तेल दुधाळ तपकिरी होऊन पाण्याबरोबर निघून जाते आणि वाळल्यावर हाताला ओशटपणा लागत नाही. पैसे मोजायचे ते याच गुणासाठी.

तक्रार आहे ती कॅनवरच्या ‘सर्व धातूंसाठी सुरक्षित’ या शब्दांबद्दल. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आहे, पण हेड अॅल्युमिनियमचे आहे आणि कार्ब्युरेटरची बॉडीही हलक्या मिश्रधातूची. अल्कली अॅल्युमिनियमवरचा संरक्षक ऑक्साइडचा थर खाते. मधेच फोन आला म्हणून हेडच्या एका बाजूला द्रावण वीसेक मिनिटे राहिले आणि तिथे राखाडी-काळा डाग पडला, जो ब्रशने हलला नाही. चूक माझी आहेच, पण लेबलवर वेळेची मर्यादा कुठेही लिहिलेली नाही, आणि ती पहिल्या ओळीत असायला हवी होती. पुढे मी हेडसाठी एकास दहा पातळ द्रावण घेतले, तीन-चार मिनिटांत धुऊन काढले आणि पुन्हा डाग पडला नाही.

इंजिन पूर्ण थंड असतानाच हे काम करावे. गरम धातूवर द्रावण लगेच वाळते आणि गार पाण्याने बिडाला तडा जाण्याची भीती असते. बॅटरीची तार सोडावी, डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटून देणारा भाग) आणि कार्ब्युरेटरच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्यात. मी बांधल्या होत्या, तरी डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये दमटपणा शिरलाच आणि संध्याकाळी गाडी सेल्फ मारून मारून थकली. कॅप काढून आतून पुसली, डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारून पुन्हा कोरडी पुसली, तेव्हा चालू झाली. पाणी हटवणे हेच त्या द्रवाचे मूळ काम आणि त्याच्या नावातही तेच आहे: डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’. प्रेशर वॉशर मात्र मी वापरणार नाही. रेडिएटरच्या पापुद्र्यांची वाट लागते आणि पाणी नको तिथे घुसते. बागेतल्या नळीची धार पुरते. खाली ट्रे आणि भोवती लाकडाचा भुसा पसरावा, नाहीतर सारे काळे पाणी सोसायटीच्या चेंबरमध्ये जाते आणि त्याबद्दल शेजाऱ्यांनी भांडण काढले तर त्यांचे चुकत नाही.

दोन रविवार गेले, ब्लॉकवरचा इंजिन नंबर वाचता आला आणि आरसी बुकाशी ताडून पाहिला. जुळला, हे सांगायला बरे वाटते. कॅनमधले निम्म्याहून अधिक डिग्रीझर शिल्लक आहे, म्हणजे एका गाडीसाठी २ लिटर भरपूर झाले. स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याने ते घ्यावे, फक्त अॅल्युमिनियमजवळ घड्याळ हातात ठेवावे.

तिसऱ्या दिवशी स्वच्छ ब्लॉकवर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याखाली, तेलाचा एक ताजा ओघळ दिसला. मिस्त्रींना फोन करून नवे गॅस्केट मागवले आहे. ते हसले, पण काही बोलले नाहीत.