जुन्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट कुणाकडे द्यावा: गॅरेज, लेथवाला की शाफ्टचं खास दुकान?

प्रोपेलर शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारी फिरती नळी. तिच्या टोकांना दोन कानांचे योक असतात, आणि योकांना जोडतो तो अधिक चिन्हासारखा क्रॉस, ज्याच्या चार टोकांवर सुयांच्या बेअरिंगचे कप असतात. दुकान शोधण्याआधी बिघाड कोणता ते ठरवा, कारण अर्धी निवड तिथेच होते. क्लच सोडताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना खालून 'खट्' असा आवाज येतो, कपाच्या तोंडाशी तपकिरी गंजाची भुकटी दिसते, पण वेगात गाडी शांत आहे, तर बहुधा नुसता क्रॉस गेलेला असतो. ठरावीक वेगाला सीट आणि गाडीचा तळ थरथरत असेल आणि त्याच वेगात गिअर न्यूट्रलला आणूनही थरथर कमी होत नसेल, तर इंजिन निर्दोष आहे. चाकांचं बॅलन्सिंग तपासून झालं असेल तर संशय शाफ्टवर. पहिलं काम साध्या गॅरेजमध्ये होतं, दुसरं होत नाही.

गॅरेज: फक्त क्रॉस बदलायचा असेल तर

इथे एकच गोष्ट विचारा: जुना क्रॉस काढणार कशाने? प्रेस किंवा मोठा व्हाइस असेल तर ठीक. योक ऐरणीवर ठेवून घणाने ठोकणार असेल तर शाफ्ट उचला आणि परत या. योकचे कान एवढ्यानेही आत दबतात, मग नवा क्रॉस पहिल्या दिवसापासून आवळलेला राहतो आणि लवकर जळतो. कप बसवताना एखादी सुई आडवी पडून तळाशी गेली तर कप तिच्या जाडीइतका बाहेर राहतो आणि सर्क्लिप (कप जागेवर धरणारी कडी) खाचेत जात नाही. अशा वेळी कप काढून सुया पुन्हा ग्रीसमध्ये उभ्या लावायच्या असतात. 'अजून एक ठोका' हे उत्तर नव्हे. काम झाल्यावर जॉइंट हाताने सगळीकडे वळवून बघा: कुठेही अडकायला नको, आणि हलवल्यावर खेळही जाणवायला नको.

क्रॉस विकत घेताना कपाचा व्यास आणि एका कपाच्या बाहेरच्या टोकापासून समोरच्या कपाच्या टोकापर्यंतचं अंतर, दोन्ही व्हर्नियरने मोजा. स्पायसर या ब्रँडच्या १३१० आणि १३३० या मालिकांत कप सारखाच, सुमारे २७ मिमीचा. रुंदी मात्र ८१.८ आणि ९२.१ मिमी. नुसता कप जुळवून आणलेला क्रॉस त्यामुळे हमखास परत द्यावा लागतो.

गॅरेजची मर्यादा योकपाशी संपते. कप अंगठ्याने भोकात सरकत असेल तर योक गेला. भोकाच्या कडेला पंच मारून कप 'घट्ट' करून देणारा कारागीर तुमचा प्रश्न काही महिने पुढे ढकलतो, एवढंच.

लेथवाला: हात चांगला, पण यंत्र अपुरं

नळी बदलायची किंवा गिअरबॉक्स बदलल्यामुळे लांबी कमी-जास्त करायची असेल, की लोक आधी लेथवाल्याकडे जातात. कापणं, नवी नळी बसवणं, चार ठिकाणी टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारून डायल गेजवर (वाकडेपणा मोजणाऱ्या काट्याच्या मापावर) सरळ करणं, मग वेल्डिंग, हे सगळं कसलेला टर्नर उत्तम करतो. अडचण पुढे येते. 'लेथवर फिरवून पाहिलाय, एकदम सरळ आहे' हे वाक्य खरं असतं आणि तरीही पुरेसं नसतं.

हिशोब बघा. आयएसओ २१९४० या आंतरराष्ट्रीय मानकात सर्वसाधारण शाफ्टला जी ४० आणि जास्त काटेकोर शाफ्टला जी १६ हा बॅलन्सिंगचा दर्जा आहे. शाफ्ट १० किलोचा, वेग मिनिटाला ४००० फेरे आणि दर्जा जी १६ धरला, तर एकूण सुमारे ३८० ग्रॅम-मिमी (वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर) असंतुलन चालतं. ७६ मिमीच्या नळीवर त्याचा अर्थ प्रत्येक टोकाला जेमतेम ५ ग्रॅम. दुसऱ्या शब्दांत, वजनाचा मध्य ०.०४ मिमीने सरकला की मर्यादा संपली. डायल गेजवर नळी पाव मिलिमीटरच्या आत आली की टर्नर खूश होतो, आणि सरळपणापुरती ती खुशी रास्तही आहे. पण नळीच्या भिंतीची जाडी एका बाजूला थोडी जास्त असेल, तर ते गेज सांगत नाही.

त्याच्याकडेच काम द्यायचं असेल तर दोन गोष्टी डोळ्यांनी बघा. एक, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत. एकाच क्रॉसने शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो आणि समोरचा क्रॉस तो सावरून घेतो. योक फिरलेले असतील तर सावरण्याऐवजी थरथर वाढते. दोन, वेल्डिंगची अर्थिंगची वायर नळीलाच लावलेली. ती पलीकडच्या योकला लावली तर करंट सुयांमधून जातो आणि नव्या क्रॉसवर खड्डे पडतात. बॅलन्सिंग मग दुसरीकडून करून घ्यायचं, आणि ते आधीच ठरवायचं.

ट्रकचे शाफ्ट करणारा

याच्याकडे बॅलन्सिंग मशीन असतं, म्हणून मोह होतो. तुमच्या छोट्या फ्लँजचा (बोल्टने जोडायच्या तबकडीचा) अडॅप्टर आहे का आणि मशीन किती ग्रॅमपर्यंत वाचतं, हे विचारा. 'जाड नळी टाकतो, मजबूत होईल' याला नको म्हणा. शाफ्ट वेगात धनुष्यासारखा वाकतो तो वेग मुख्यतः लांबी आणि व्यासावर ठरतो. भिंत जाड केल्याने तो वेग वाढत नाही, वजन वाढतं.

शाफ्टचं खास दुकान, किंवा अदलाबदलीचा तयार शाफ्ट

शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये सेंटर बेअरिंग असेल, तर दुसरीकडे जाऊच नका. तो पूर्ण जोडून, बेअरिंगसकटच बॅलन्स व्हावा लागतो. बीएमडब्ल्यू २००२ सारख्या गाडीत क्रॉसला सर्क्लिपच नसते, कप योकमध्ये ठोसून बसवलेले असतात. ते मशीनिंग करून सर्क्लिपचे करायला अनुभव लागतो.

चांगलं दुकान उलट तुम्हालाच प्रश्न विचारतं: टॉप गिअरचं गुणोत्तर किती, इंजिन किती फेऱ्यांपर्यंत नेता? कारण ७६ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या, दीड मीटर लांब पोलादी नळीचा घातक वेग, म्हणजे ती धनुष्यासारखी वाकते तो वेग, हिशोबाने ५५०० फेऱ्यांच्या आसपास येतो, आणि त्याच्या तीन-चतुर्थांशापलीकडे, म्हणजे ४१०० च्या वर, सतत चालवू नये. ०.८ चा ओव्हरड्राइव्ह गिअर (शाफ्टला इंजिनपेक्षा जास्त फिरवणारा) टाकलात तर इंजिन ३५०० वर असताना शाफ्ट ४३७५ वर असतो. हे न विचारता फक्त लांबी लिहून घेणारं दुकान बाकी कितीही चकचकीत असो, मी त्याला मागे ठेवीन.

अदलाबदलीचा शाफ्ट, म्हणजे जुना देऊन तयार घेतलेला, सगळ्यात झटपट. पण मूळ योक तुमच्या हातून जातो, आणि दुर्मीळ गाडीत तोच परत मिळत नाही. योक शाबूत असेल तर स्वतःचाच शाफ्ट दुरुस्त करून घ्या.

लांबी देताना गाडी चाकांवर उभी हवी. ॲक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकतं. माप क्रॉसच्या मध्यापासून मध्यापर्यंत, आणि स्लिप योकला (गिअरबॉक्समध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या योकला) पूर्ण आत जायला उरलेली जागा २० ते २५ मिमी. काढण्याआधी फ्लँज आणि स्प्लाइनवर (सरकत्या दातेरी जोडावर) रंगाच्या खुणा करा. परत बसवल्यावर स्लिप योकच्या सीलमधून जितकं तेल गळालं असेल तितकं गिअरबॉक्समध्ये भरा, मगच चाचणीला निघा.